धेंपो स्पोर्ट्स क्लब: डिचोलीच्या मैदानापासून देशाच्या अजिंक्यपदापर्यंत

गोव्यातील धेंपो स्पोर्ट्स क्लब आता हीरक महोत्सवाच्या उंबरठ्यावर आहे. १९६८ हे क्लबचे स्थापनावर्ष मानले जाते. त्याची मुळे मात्र त्याहून काही वर्षे मागे, डिचोलीसारख्या लहान गावात सापडतात. पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे, तीन वेळा रोव्हर्स करंडक, फेडरेशन आणि ड्युरँड करंडक आणि आशियाई स्पर्धेची उपांत्य फेरी ही क्लबची मोठी कमाई आहे. पण क्लबची खरी ओळख करंडकांच्या कपाटात शोधू नये. या क्लबला तीन वेळा राष्ट्रीय लीगबाहेर राहावे लागले आणि तिन्ही वेळा मैदानावरच खेळून त्याने आपली जागा परत मिळवली. हा इतिहास लिहिताना तोच धागा हाती धरला आहे.

पूर्वपीठिका

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला, असे गोव्याच्या क्रीडा इतिहासात नोंदले आहे. चर्चच्या शाळांमधून आणि इगर्जीसमोरच्या पटांगणांतून तो बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादीच्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या, तालुक्यांत पसरला. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत गोलपोस्ट उभे राहत आणि पावसाळ्यापर्यंत संध्याकाळी तिथे सामने रंगत.

डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतले तालुके. इथे जत्रा, काले, भजनी सप्ताह आणि मराठी नाटके यांचा जोर मोठा. या भागात फुटबॉल थोडा उशिरा रुजला, पण रुजल्यावर घट्ट धरून राहिला. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५९ मध्ये, गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला आणि गोमंतकीय क्लबांना भारतीय फुटबॉलची दारे उघडी झाली.

साठीचे दशक: डिचोलीतील बीज

१९६१ च्या सुमारास डिचोलीत एक क्रीडा क्लब उभा राहिला. नाव पोर्तुगीज वळणाचे होते. खेळाडू आणि कार्यकर्ते मात्र परिसरातलेच, कोणी खाणीवर काम करणारे, कोणी दुकानदारी करणारे, कोणी शाळेतले. आधी खालच्या श्रेणीत खेळणारा हा संघ पुढे धेंपो उद्योगसमूहाच्या आश्रयाखाली आला. काही काळ तो ‘धेंपो सौझा’ या नावाने ओळखला गेला आणि नंतर ‘धेंपो स्पोर्ट्स क्लब’ हे नाव कायम झाले.

या घडामोडीमागे त्या काळचे अर्थकारण होते. डिचोली हा लोहखनिजाचा पट्टा. खाणीतून निघालेले खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यांवर जायचे, तिथून बार्जमधून मांडवीमार्गे मुरगाव बंदरात आणि पुढे जहाजाने जपानला. या व्यवसायातून उभ्या राहिलेल्या गोमंतकीय घराण्यांनी मुक्तीनंतरच्या दशकात शिक्षण, वृत्तपत्रे आणि खेळ यांना हात दिला. वसंतराव धेंपो आणि त्यांच्या कुटुंबाने पणजीत महाविद्यालय उभारले, ‘नवहिंद टाइम्स’ आणि ‘नवप्रभा’ ही दैनिके चालवली आणि त्याच भावनेने फुटबॉल क्लबही हाती घेतला. वास्कोमध्ये साळगावकरांनी हेच केले होते.

खाण कंपन्यांच्या आश्रयामुळे खेळाडूंना नोकरीचा आधार मिळाला. त्या काळी फुटबॉलवर घर चालत नसे. महिनाअखेरीस पगार हाती येईल याची खात्री असली, तरच घरातला कर्ता मुलगा रोज सरावाला जाऊ शकत होता. क्लबची पहिली पिढी या आधारावर घडली. तिच्यातल्या अनेकांची नावे आज लिखित स्वरूपात उरलेली नाहीत. बूट शिवून देणारे, चुन्याने मैदान आखणारे, सामन्याच्या दिवशी लिंबूपाणी घेऊन उभे राहणारे हे सारे हात क्लबच्या पायाशी आहेत.

सत्तरीचे दशक: मुंबईत उमटलेला ठसा

सत्तरीच्या दशकात क्लबने गोव्याच्या पहिल्या फळीत जागा मिळवली. वास्को, साळगावकर, सेझा या संघांशी होणाऱ्या लढती पाहायला पणजीच्या कांपाल मैदानावर आणि वास्कोच्या टिळक मैदानावर लोक लोटत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांना क्रिकेटइतकेच फुटबॉलचेही प्रेम होते. त्यांच्या नावाच्या सुवर्णचषक स्पर्धेमुळे देशातले मोठे संघ गोव्यात येऊ लागले आणि स्थानिक खेळाडूंना आपली ताकद घरच्या मैदानावर अजमावता आली.

खरी कसोटी होती मुंबईत. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा त्या काळी देशातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. कूपरेजच्या मैदानावर कोलकात्याच्या संघांचे वर्चस्व असायचे. १९७८ मध्ये धेंपोने हा करंडक जिंकला. गोव्यात रोव्हर्स आणणारा हा पहिला क्लब. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, संघाने तो राखला. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना या विजयांचा अभिमान वाटला तो वेगळ्याच कारणाने. गिरगाव, धोबीतलाव, माझगावच्या कुडांतून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, राहणारी, जहाजावर आणि कचेऱ्यांत नोकरी करणारी ही मंडळी आपल्या गावच्या संघासाठी कूपरेजवर जमली होती. संघ सर्वार्थाने गोमंतकीय होता आणि त्याने देशातल्या बलाढ्य संघांना मागे टाकले होते.

या दोन विजयांनी एक गोष्ट पक्की केली. गोव्यातल्या क्लबांना यापुढे पाहुणा संघ म्हणून कोणी हलक्यात घेणार नव्हते.

ऐंशीचे दशक: गोव्याचा उत्कर्ष

ऐंशीचे दशक साऱ्या गोव्याच्या फुटबॉलचे होते. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालसोबत संयुक्तपणे संतोष करंडक जिंकला. १९८३-८४ मध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली तो एकट्याने जिंकला. १९८९-९० मध्ये पुन्हा गोव्याचाच विजय झाला. या यशात राज्यातल्या सर्व प्रमुख क्लबांचा वाटा होता आणि त्यात धेंपोही होता. मॉरिसियो आफोन्सो यांच्यासारखे या क्लबचे खेळाडू राज्याकडून आणि देशाकडून खेळले.

१९८६ मध्ये क्लबने तिसऱ्यांदा रोव्हर्स करंडक जिंकला. १९८९ मध्ये मडगावजवळ फातोर्डा येथे नवे स्टेडियम सुरू झाले. त्यानंतर गोव्यातल्या मोठ्या सामन्यांना कायमचे घर मिळाले आणि पुढच्या दोन दशकांत धेंपोच्या अनेक मोठ्या विजयांचे ते साक्षीदार ठरले.

या काळात कार्यकर्त्यांची दुसरी फळी तयार झाली. कोण कोणत्या गावात चांगला खेळतो, कोणत्या शाळेचा गोलरक्षक उंचपुरा आहे, याची माहिती प्रशिक्षकांपर्यंत पोचवणारे हे लोक होते. त्यांना मानधन नव्हते आणि पदही नव्हते. क्लबला मिळालेल्या कितीतरी खेळाडूंचा शोध अशाच एखाद्या कार्यकर्त्याच्या शब्दावरून लागला.

नव्वदीचे दशक: कसोटीचा काळ

नव्वदीत भारतीय फुटबॉलचे रूप बदलले. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. आतापर्यंत करंडकांच्या बाद पद्धतीच्या सामन्यांवर हंगाम ठरत असे. आता महिनोन्‌महिने, देशभर प्रवास करून सातत्याने गुण मिळवावे लागणार होते. परदेशी खेळाडूंची संख्या वाढली, खर्च वाढला आणि खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये जाण्याचा वेगही वाढला.

गोव्यात याच काळात साळगावकर संघाने १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून दाखवली. चर्चिल ब्रदर्स हा नवा प्रबळ प्रतिस्पर्धी उभा राहिला. धेंपोसाठी मात्र हे दशक अवघड गेले. दशकाच्या अखेरीस संघाची राष्ट्रीय लीगमधून घसरण झाली. अशा वेळी मतभेद होतात, तसे इथेही झाले. पण संस्थेचे हित सर्वांनी पुढे ठेवले आणि संघ बंद करण्याऐवजी तो नव्याने बांधण्याचा निर्णय झाला. पुढच्या सगळ्या यशाचा उगम या निर्णयात आहे.

२००० ते २०१०: सुवर्णकाळ

या दशकाच्या सुरुवातीला संघाची धुरा आर्मांदो कुलासो यांच्याकडे आली. गोव्याच्या मातीत घडलेल्या या प्रशिक्षकाने खालच्या श्रेणीत गेलेला संघ पुन्हा वर आणला आणि दशकभराहून अधिक काळ त्याचे नेतृत्व केले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षक एवढा काळ टिकत नाही. एक-दोन हंगाम वाईट गेले की बदल होतो. धेंपोच्या व्यवस्थापनाने कुलासो यांच्यावर विश्वास ठेवला आणि त्याचे फळ मिळाले.

संघबांधणीचे सूत्र साधे होते. बचाव आणि मधली फळी गोमंतकीय खेळाडूंची, आघाडीला निवडक परदेशी. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा ही मंडळी वर्षानुवर्षे एकत्र खेळली. एकमेकांच्या हालचाली त्यांना न पाहता कळत. गोलपोस्टसमोर बंगालचे अभिजित मंडल उभे असत.

२००३-०४ च्या राष्ट्रीय लीगमध्ये धेंपोने ईस्ट बंगालपाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना मोहन बागानशी झाला. धेंपोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियर यांचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन ते कोसळले आणि त्यातच त्यांचे निधन झाले. ते फक्त पंचवीस वर्षांचे होते. करंडक मिळाला, पण त्या रात्री क्लबमध्ये कोणी आनंद केला नाही. त्यांची १० क्रमांकाची जर्सी क्लबने निवृत्त केली.

या धक्क्यातून सावरत संघाने २००४-०५ ची राष्ट्रीय लीग जिंकली. स्पोर्टिंग क्लब द गोवा दुसरा आला. एकाच हंगामात पहिले आणि दुसरे स्थान गोव्याकडे आले. २००६ मध्ये ड्युरँड करंडक, २००६-०७ मध्ये राष्ट्रीय लीगचा शेवटचा हंगाम आणि २००७-०८ मध्ये नव्याने सुरू झालेल्या आय-लीगचा पहिला हंगाम, हे सारे धेंपोने जिंकले. पहिल्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सशी गुणांची बरोबरी झाली होती आणि निर्णय गोलफरकावर लागला. २००९-१० मध्ये पुन्हा अजिंक्यपद मिळाले.

२००८ मध्ये क्लब आशियाई फुटबॉल महासंघाच्या एएफसी कप स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. सिंगापूरच्या होम युनायटेडला हरवून त्याने ही मजल मारली आणि लेबनॉनच्या साफा संघाकडून तो हरला. डिचोलीत सुरू झालेला क्लब पश्चिम आशियातल्या संघाशी अंतिम फेरीसाठी झुंजला, ही घटना गोव्याच्या क्रीडा इतिहासात कायम राहील.

या काळाचे वर्णन रांटी मार्टिन्स यांच्याशिवाय पुरे होत नाही. नायजेरियाचे हे आघाडीचे खेळाडू २००४ मध्ये क्लबमध्ये आले आणि २०१२ पर्यंत राहिले. आफ्रिकी खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी त्या काळी गोव्याच्या फुटबॉलला नवा वेग दिला. चर्चिल ब्रदर्सकडे नायजेरियाचे ओडाफा ओकोली आणि घानाचे युसिफ याकुबू होते. साळगावकरला २०१०-११ ची आय-लीग जिंकून देणारे प्रशिक्षक करीम बेंचेरिफा मोरोक्कोचे. धेंपोमध्ये रांटी आणि ब्राझीलचे बेतो यांची जोडी जमली. बेतोने मधल्या फळीतून चेंडू द्यायचा आणि रांटीने तो जाळ्यात पोचवायचा, हे प्रेक्षकांना पाठ झाले होते. एकाच क्लबशी आठ वर्षे जोडलेला रांटी गोव्याचाच झाला. फातोर्ड्यावर त्याचे नाव पुकारले की टाळ्यांचा कडकडाट होई.

२०१० ते २०२०: शिखर आणि उतार

२०११ मध्ये आर्मांदो कुलासो यांच्यावर भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदाची जबाबदारी आली. क्लायमॅक्स लॉरेन्स यांनी त्या वर्षी आशियाई करंडक स्पर्धेत देशाचे नेतृत्व केले. क्लबचा हा मोठा सन्मान होता. २०११-१२ मध्ये धेंपोने पाचवे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. रांटी यांनी त्या हंगामात ३२ गोल केले. राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच अजिंक्यपदे मोहन बागान आणि धेंपो या दोनच क्लबांच्या नावावर आहेत. धेंपोने ती आठ हंगामांत मिळवली.

यानंतर काळ बदलला. खाण व्यवसायाचे वातावरण पालटले होते. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच विकला होता आणि २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. व्यवसाय गेला तरी क्लब मात्र चालू ठेवला गेला. याचे श्रेय श्रीनिवास धेंपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यायला हवे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवा संघाच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता.

मैदानावर मात्र उतार लागला. कुलासो गेले, जुनी फळी निवृत्त होत गेली आणि २०१४-१५ च्या हंगामात संघ आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी, २०१५-१६ मध्ये, जुने खेळाडू मॉरिसियो आफोन्सो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने दुसरी श्रेणी जिंकून परत येण्याचा हक्क मिळवला. त्याच सुमारास देशाच्या लीगरचनेत आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचा प्रस्ताव पुढे आला. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या गोव्याच्या तीनही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. खेळाडूंसाठी आणि चाहत्यांसाठी हा कठीण निर्णय होता.

माघार राष्ट्रीय लीगपुरती होती. गोवा प्रोफेशनल लीगमध्ये संघ खेळत राहिला आणि क्लबने आपले लक्ष वयोगटांतील संघांकडे वळवले.

२०२० नंतर: तिसरे पुनरागमन

आता क्लबचे जुने खेळाडू प्रशिक्षक झाले होते. क्लिफर्ड मिरांडा यांनी ओडिशा एफसीला २०२३ चा सुपर कप जिंकून दिला. समीर नाईक आपल्याच क्लबच्या संघाचे प्रशिक्षक झाले. ज्या जर्सीत त्यांनी लीग जिंकली, त्याच जर्सीतली नवी पिढी घडवण्याचे काम त्यांनी घेतले.

राष्ट्रीय पातळीवर परतायचे तर तळापासून सुरुवात करावी लागणार होती. पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवलेल्या क्लबने कोणतीही सवलत न मागता आय-लीग ३ मध्ये नाव नोंदवले. तिथून तो आय-लीग २ मध्ये गेला आणि २०२३-२४ मध्ये तिथे एससी बेंगळुरूपाठोपाठ दुसरे स्थान मिळवून २०२४-२५ साठी आय-लीगमध्ये परतला. माघारीनंतर आठ वर्षांनी क्लब पुन्हा राष्ट्रीय मंचावर उभा राहिला.

२०२५ मध्ये गोव्यात झालेल्या सुपर कपमध्ये धेंपोचा संघ पूर्णपणे भारतीय खेळाडूंचा होता. समोर कोलकात्याचे दोन्ही बलाढ्य संघ होते. ईस्ट बंगालशी २-२ आणि मोहन बागानशी ०-० अशी बरोबरी करून या तरुण मुलांनी देशाचे लक्ष वेधून घेतले. ज्या आघाडीच्या फळीत एकेकाळी ब्राझील आणि नायजेरियाचे खेळाडू असत, तिथे आता क्लबच्याच मैदानावर घडलेली मुले दिसतात.

सध्याचे कार्य आणि पुढची वाट

जुने गोवेजवळ एला येथील अकादमी हा आज क्लबच्या कामाचा कणा आहे. तिथे वेगवेगळ्या वयोगटांतील मुलांना सराव मिळतो आणि त्यातली चांगली मुले वरिष्ठ संघापर्यंत पोचतात. वयोगटांच्या राज्य स्पर्धा, गोवा प्रोफेशनल लीग आणि राष्ट्रीय पातळीवरील लीग अशा तिन्ही पातळ्यांवर क्लबचे संघ खेळतात.

या वाटचालीत अनेकांचे हात लागले. डिचोलीत क्लब सुरू करणारे, त्याला नाव आणि आधार देणारे धेंपो कुटुंब, पंचवीस-तीस वर्षे पदाधिकारी म्हणून राबलेली माणसे, प्रशिक्षक, मसाज करणारे, बस चालवणारे, मैदानाची निगा राखणारे आणि वर्षानुवर्षे तिकीट काढून येणारे चाहते. या सर्वांचा उल्लेख नावानिशी करणे शक्य नाही, पण श्रेय सर्वांचे आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती आहे. १९६० आणि १९७० च्या दशकातली छायाचित्रे, जुनी वृत्तपत्र कात्रणे, सामन्यांची पत्रके, संघांची नोंदवही असे काही आपल्या घरी असेल, तर ते क्लबकडे जरूर द्यावे. डिचोलीतल्या पहिल्या पिढीतले जे खेळाडू आज आपल्यात आहेत, त्यांच्या आठवणी लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. आणि आपल्या गावात एखादे मूल अनवाणी पायाने चांगला चेंडू मारताना दिसले, तर त्याला एलाच्या मैदानावर नक्की घेऊन यावे. हा क्लब अशा मुलांनीच उभा केला आहे आणि पुढेही तीच त्याला चालवतील.